काट्यावरची डबी आणि खात्रीकाका

खात्रीकाका घराला कुलूप लावून एका दमात जिना उतरले, असं त्या इमारतीत कोणी कधी पाहिलेलं नाही. कुलूप ओढून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या, परत वर जाऊन ओढायचं. मग गॅसची शंका. गॅस बघायला कुलूप उघडायचं, आणि कुलूप उघडलं म्हणजे ते पुन्हा लावल्याची खात्री आलीच! तोवर बायको खाली रस्त्यावर पिशवी घेऊन उभी. ती बिचारी सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची. "आमच्या लग्नाच्या कागदावर सह्या झाल्या, तर यांनी तिथल्या कारकुनाला दोनदा विचारलं, नक्की झालं ना हो? शेवटी तो वैतागून म्हणाला, साहेब, नको असेल तर आत्ताच सांगा."

एकदा तर टाकलेलं पत्र आत नीट पडलं की नाही हे बघायला त्यांनी टपालपेटीच्या फटीत हात घातला आणि मनगटावरच्या घड्याळासकट तो अडकवून घेतला. अर्ध्या तासाने पोस्टमन किल्ली घेऊन आला. हात सुटल्यावर माणूस आभार मानेल की नाही? काका म्हणाले, "आता उघडलीच आहे, तर माझं पत्र आहे का तेवढं बघा."

खरं नाव काहीतरी वेगळं होतं. पगाराच्या कागदावर असेल. पण ज्या रंगाच्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं मेकॅनिक होते, तिथे साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना खात्रीकाकाच म्हणायचे. ज्याला वायर आहे ते सगळं काकांचं. पंखा, मोटर, घंटा, फोन, कॉम्प्युटर. त्यांच्या खोलीबाहेर 'देखभाल विभाग' अशी पाटी होती आणि विभागात काका एकटेच होते. आणि खोटं कशाला बोला, माणूस हुशार होता. बंद पडलेल्या मोटरला नुसता कान लावून सांगायचे, बेअरिंग गेलंय. उघडून बघावं तर बेअरिंगच गेलेलं. मग ते उरलेली तीन बेअरिंगंही काढून बघायचे ती गोष्ट वेगळी.

तर या कारखान्यात तळमजल्यावर एक वजनखोली होती आणि तिथे मावशी होत्या. त्यांनाही सगळे मावशीच म्हणायचे. काका त्यांना मावशी म्हणायचे, त्या काकांना काका म्हणायच्या, आणि दोघांच्या वयात जेमतेम सहा महिन्यांचं अंतर. एकोणीस वर्षं मावशी त्या एका वजनकाट्यावर बसत होत्या. कुठला रंग करायचा त्याप्रमाणे पाच-सात भुकट्या डब्यांत मोजायच्या, काट्यावरचं बटण दाबायचं, की वजन वरच्या मजल्यावर कारकुनाच्या कॉम्प्युटरवर जायचं आणि तिथे चिठ्ठी छापली जायची. चिठ्ठीशिवाय डबा पुढे घ्यायचा नाही, असा कडक नियम. मावशींचा हात असा बसलेला, की चमच्याने भुकटी टाकताना काट्याकडे न बघता थांबायच्या आणि आकडा बरोबर यायचा.

काटा जुना होता, पण ठणठणीत. अडचण एवढीच, की तो बोलायचा आपल्या जुन्या पद्धतीने, जाड सिरिअल केबलमधून, एकेक अक्षर सावकाश. वरचे नवे कॉम्प्युटर नेटवर्कवर बोलणारे, त्यांना त्याचं बोलणं कळेना. म्हणून मध्ये एक दुभाषी बसवला. साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी. एका अंगाला काट्याची केबल, दुसऱ्या अंगाला नेटवर्कची वायर, वर दोन हिरवे दिवे. डबी बसवायला बाहेरून एक माणूस आला होता. जाताना त्याने काकांच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला. "काका, 'जोडा' दाबलं की खिडकी उघडेल. मग 'विचारा' दाबायचं, काटा आहे ते वजन सांगेल. आता बघायला पायऱ्या उतरायची गरज नाही."

कोणाला काय द्यावं याला काही विचार? अहो, खात्रीकाकांच्या हातात असलं बटण!

पहिला महिना काका त्या प्रोग्रॅमच्या वाटेला गेले नाहीत. ते आपले सवयीने पायऱ्या उतरून दिवे बघून यायचे. मग गुडघा कुरकुरायला लागला आणि त्यांना बटणाची आठवण झाली. सकाळी आठला आल्याआल्या जोडा, विचारा. 'शून्य किलो', काटा म्हणायचा. काकांचा जीव भांड्यात पडायचा. खिडकी तशीच खाली ढकलून ते पुढच्या कामाला लागायचे.

आणि साडेआठला वरून कारकुनाचा फोन यायचा. "काका, काटा बोलत नाही."

पहिल्या दिवशी काका म्हणाले, असं कसं, मी आत्ता बघितलाय. खाली गेले. दोन्ही दिवे हिरवे. डबीची पिन काढली, दहा मोजले, पुन्हा लावली. वर चिठ्ठी छापली. काका पंधरा मिनिटं तिथेच उभे राहिले, सात डबे गेले, सात चिठ्ठ्या आल्या. मग ते वर आले आणि आता नक्की चालू आहे ना हे बघायला त्यांनी जोडा दाबलं. त्या वेळी मात्र वरच्या कॉम्प्युटरने डबीला धरून ठेवलं होतं, त्यामुळे खिडकी काही उघडली नाही. काकांना वाटलं, आपला प्रोग्रॅम जरा हट्टी आहे, नंतर बघू. जेवणाच्या सुट्टीत काटा गप्प राहिला, की डबी वरची जोडणी आपोआप सोडून द्यायची. काकांनी पटकन जेवून जोडा दाबलं, आणि या वेळी लागलं. झालं! दीडला पुन्हा फोन.

हे असं तीन आठवडे चाललं. जितका काटा अडायचा तितकी काकांची काळजी वाढायची, आणि जितकी काळजी वाढायची तितकं ते बटण जास्त दाबायचे. नेटवर्कची वायर बदलली. वरचा कॉम्प्युटर बदलला. सिरिअल केबल बदलली, ती सुद्धा दोनदा, कारण नवी केबल नवीच आहे याची त्यांना खात्री नव्हती. कारकुनाला धारेवर धरलं, तर तो म्हणाला, "काका, मी फक्त छापा म्हणतो. मला दुसरं काही येतच नाही."

आता काकांचा हिशेब बघा. माझ्या टेबलावरून विचारलं तर काटा उत्तर देतो. म्हणजे काटा ठीक, केबल ठीक, डबी ठीक. मी खाली जाऊन उभा राहिलो की वरही चालतं. मी निघून आलो की काही वेळाने बंद. मग मी गेल्यावर तिथे उरतं कोण?

मावशी.

मावशींना सवयही होती, ती अशी, की दर तासाला ओल्या फडक्याने काटा पुसायच्या, पुसतापुसता केबलवरून हात फिरवायच्या आणि डबीलाही एक थाप द्यायच्या. काकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यांनी साहेबांना लेखी दिलं. 'सर्व उपकरणे तपासली. दोष उपकरणात नसून हाताळणीत आहे.' खाली सही. खात्रीकाकांची सही म्हणजे काय, साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. हुकूम निघाला. सोमवारपासून मावशी पॅकिंगमध्ये, डब्यांना झाकणं लावायला. वजनावर दुसरं कोणीतरी.

मावशींनी विचारलं, "साहेब, मी काय केलं?"

साहेब म्हणाले, "तुम्ही मुद्दाम केलंत असं कोण म्हणतंय? पण यंत्रं नाजूक असतात, मावशी. एकेकाचा हात जड असतो."

ज्या हाताला चिमूटभर भुकटीचा अंदाज होता त्या हाताला जड म्हणाले! ही गोष्ट सांगतानाही माझं डोकं तापतं. मावशी खाली आल्या. एकोणीस वर्षांची खोली सोमवारी सोडायची होती, आणि त्यांच्या हातात तेवढा आठवडा होता.

त्याच आठवड्यात काकांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. काकांनी बुधवार-गुरुवार रजा घेतली. दवाखान्यात डॉक्टरांना त्यांनी तीनदा विचारलं, डावाच डोळा ना? ऑपरेशन छान झालं. पट्टी बांधलेली बायको म्हणाली, "आता कामावर जा बाई एकदाचे. तुम्ही दर पाच मिनिटांनी दिसतंय का, दिसतंय का विचारताय. पट्टी बांधलीय, काय कपाळ दिसणार?"

शुक्रवारी सकाळी काका आठला हजर. जोडा, विचारा, शून्य किलो. साडेआठला फोन. काका खाली गेले तर मावशी वही उघडून दारातच उभ्या.

"काका, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"बुधवारी एकही चिठ्ठी अडली नाही. काल एकही नाही. तुम्ही दोन्ही दिवस नव्हता. आज आलात आणि अडली." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. कधी अडलं, कधी सुटलं, तीन आठवड्यांच्या सगळ्या वेळा तिथे लिहिलेल्या. "फडकं मी दोन्ही दिवस रोजच्यासारखंच फिरवलंय."

"म्हणजे मी काय पनवती आहे?" काका उसळले. "सव्वीस वर्षांत मला कोणी असं बोललं नाही!"

"मला तरी एकोणीस वर्षांत कुठे कोण काय बोललं होतं?" मावशी म्हणाल्या.

अशा वेळी माणूस काम काढतो. काका डबीकडे वळले. "हिच्या आत कोण कोण जोडलंय ते दाखवणारं एक पान असतं म्हणे. पण त्याला पासवर्ड लागतो. तो डबी बसवणारा सांगून गेला नाही."

"तिच्या पोटाखाली एक कागद चिकटवलाय," मावशी म्हणाल्या. "त्यावर काहीतरी लिहिलंय. पुसताना दिसतो रोज."

काकांनी त्या डबीचे दिवे शंभर वेळा तपासले होते, पिना दोनशे वेळा. तिला उलटी करून एकदाही बघितलं नव्हतं. त्यांनी ती उलटी केली. होता की कागद! त्यांनी लॅपटॉप जोडला, पासवर्ड टाकला, पान उघडलं. वर स्वच्छ लिहिलेलं, की डबी एका वेळी एकाच कॉम्प्युटरशी जोडली जाईल. आणि त्याखाली, सध्या जोडलेला कॉम्प्युटर, नंबर सत्तेचाळीस.

"चोर!" काका ओरडले. "मावशी, चोर सापडला! कोणीतरी तिसराच डबीला धरून बसलाय, म्हणून वरच्याला जागा मिळत नाही. वरचा नंबर बत्तीस आहे. हा सत्तेचाळीस कोण बघतोच मी!"

"म्हणजे माझा हात नव्हे?"

"आधी चोर पकडू," काका म्हणाले आणि गुडघा विसरून पायऱ्या चढले.

कारखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर काकांनीच नंबराची चिठ्ठी डकवलेली होती. त्यामुळे शोध सोपा होता. पुढे काका, मागे कारकून. हिशेबवाल्यांच्या खोलीत घुसले, एकतीस, तेहेतीस, चौतीस. गोदामवाल्याचा एकेचाळीस होता, पण काकांनी त्याला उगाचच दरडावलं, "काट्याला कधी हात लावलात का?" तो म्हणाला, "मी तर घरीसुद्धा वजन करत नाही." प्रयोगशाळेतल्या बाई टेबलाखाली पेन शोधत होत्या, त्यांना बाहेर काढलं. साहेब बाहेर गेलेले बघून त्यांच्या केबिनमध्येही डोकावून आले. तिथे छत्तीस निघाला. छत्तीसच आहे ना म्हणून चिठ्ठी खरवडूनही पाहिली. सगळा कारखाना पालथा घातला. शेहेचाळीस सापडला, अठ्ठेचाळीस सापडला, सत्तेचाळीसचा पत्ता नाही.

"बाहेरचा कोणी असेल," कारकून म्हणाला आणि वर फोन वाजतोय म्हणून पळाला.

"बाहेरचाच!" काका म्हणाले. आता हे साहेबांना लेखी द्यायला हवं होतं. ते आपल्या खोलीत आले, खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं. 'कारखान्यातील सर्व कॉम्प्युटर तपासले असता.' इथे पेन अडलं. सर्व? खात्रीकाका 'सर्व' लिहिणार आणि एक शिल्लक असताना लिहिणार? स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्यांनी कधी चिठ्ठी डकवली नव्हती. आपला नंबर आपल्याला काय करायचाय, म्हणून. उगीच राहून जायला नको म्हणून त्यांनी तो बघितला.

सत्तेचाळीस.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. सत्तेचाळीसच. मग त्यांनी खाली ढकलून ठेवलेली ती खिडकी वर आणली. सकाळी बघितलेला शून्य किलो वरच्या बाजूला होता आणि त्याखाली आकडेच आकडे. चार किलो दोनशे. सातशे दहा ग्रॅम. बारा किलो. मावशींनी सकाळी बटण दाबून पाठवलेली, वर कधीच न पोचलेली सगळी वजनं काकांच्या टेबलावर ओळीने येऊन बसली होती. एकही चुकलेलं नव्हतं.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खिडकी बंद करायची, त्या बटणाला पुन्हा हात लावायचा नाही, की काटा उद्यापासून सुरळीत. विचारलं तर सांगायचं, सापडला दोष, काढला. सव्वीस वर्षांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. हा विचार काकांच्या मनात आला, आणि चांगला पाच मिनिटं बसून राहिला. त्यांनी खिडकी बंद केली. वरून कारकुनाची आरोळी आली, "चालू झालं!" काका उठले आणि साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभे राहिले.

साहेब नुकतेच परत आले होते. "काय काका, काटा सुरू झाला म्हणे? शाबास. तरी मी म्हणत होतो, मावशींचा हात बाजूला झाला की..."

"मावशींचा संबंध नाही, साहेब. एका ठिकाणी एक खिडकी उघडी राहत होती. त्यामुळे वर जोडलं जात नव्हतं."

"कुठे उघडी राहत होती?"

"देखभाल विभागात."

"विभागात कोणाकडून?"

साहेब बघत राहिले. मग त्यांना आठवलं, की त्या विभागात माणूस एकच आहे.

"काका, तुम्ही?"

"मीच. चालू आहे की नाही हे मी बघत होतो आणि मी बघत होतो म्हणून ते बंद पडत होतं. ते आधीचं लेखी मी मागे घेतो. तसं लिहून देतो."

साहेबांना आधी हसू आलं. ते इतके हसले, की पाणी प्यावं लागलं. मग हसता हसता त्यांची नजर टेबलावरच्या हुकमाच्या प्रतीवर गेली आणि ते थांबले. "अहो, पण ती बाई! आठवडाभर..." त्यांनी कागद उभा फाडला. "मी रद्द करतो. पण सांगायला तुम्ही जा."

काका एकेक पायरी मोजत खाली गेले. मावशींनी आपलं सामान एका पिशवीत भरून ठेवलं होतं. बसायची उशी, चष्म्याचं घर, डबा. त्या उभ्यानेच पुढचा रंग मोजत होत्या. चमचा थांबला, आकडा बरोबर आला, बटण दाबलं, वर चिठ्ठी छापल्याचा आवाज आला.

"चोर सापडला का?" त्यांनी विचारलं.

"सापडला," काका म्हणाले. "मीच तो. सत्तेचाळीस नंबर माझा. तुमची सगळी वजनं माझ्याकडे येऊन पडत होती. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता, मावशी. सोमवारचं रद्द झालं. साहेबांना मी सगळं सांगितलंय. मला माफ करा."

आता त्या हसतील किंवा चार शब्द सुनावतील, असं काकांना वाटलं. दोन्ही त्यांनी ऐकून घेतलं असतं. मावशींनी चमचा खाली ठेवला आणि आपले दोन्ही हात काट्यावरच्या आकड्यांच्या उजेडात धरून बघितले.

"तुम्ही लिहून दिलंत ना, त्या दिवसापासून मी प्रत्येक डब्याआधी हात धुऊन येत होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, खात्रीकाकांनी तपासून सांगितलंय, म्हणजे असेलच काहीतरी माझ्या हातात. घरी नातवाला उचलून घेतानासुद्धा मी थांबत होते."

काका तिथेच खाली बसले, त्यांनी पिशवीतली उशी काढली आणि मावशींच्या रिकाम्या स्टुलावर ठेवली.